काळुंदरांचे पाणी

२६ नोव्हेंबर १९३३, रविवार. अलिबाग

वहीची माफी मागायला हवी. शेवटची नोंद २१ ऑगस्टची. त्यानंतर तीन महिने पाच दिवस एक अक्षर नाही. शाळेचे काम फार होते असे लिहिणार होतो. पण मध्ये दिवाळीची सुट्टी येऊन गेली, तेव्हा ते कारण टिकत नाही. लिहिले नाही, एवढेच खरे. मागचे पान वाचलेले नाही. ते मुडपून टाचणी लावून टाकली आहे. आज नवे पान, नवा विषय.

विषय: घरातले मत्स्यालय.

मुंबईच्या रद्दीतून आणलेल्या गठ्ठ्यात एक अमेरिकन मासिक निघाले. त्यात पानभर रंगीत चित्र: ॲमेझॉन नदीतला डिस्कस नावाचा मासा. थाळीसारखा गोल, बाजूने चपटा, अंगावर निळ्या रेघा. तिकडे लोक तो काचेच्या टाकीत घालून दिवाणखान्यात ठेवतात. चित्र अर्धा तास पाहत बसलो. मी बी.एस्सी.; बावीस वर्षे शास्त्र शिकवतो आणि मुलांना जिवंत मासा श्वास घेताना एकदाही दाखवलेला नाही. (वर्गातली निम्मी मुले कोळीवाड्यातली आहेत. त्यांनी पाहिला असेल. पण शास्त्रीय दृष्टीने नाही.)

निश्चय: नाताळपर्यंत टाकी. संक्रांतीपर्यंत साधे मासे. पाडव्यापर्यंत डिस्कस.

हे शाळेसाठी आहे. सौ. म्हणाली, "बरं झालं, अंबिकेला तेवढाच विरंगुळा." तिला स्पष्ट सांगितले की याचा अंबिकेशी काही संबंध नाही.

२९ नोव्हेंबर

घरातून विरोध. मनुआत्या, म्हणजे वडिलांची बहीण, वय सत्तर, सोवळ्यात, आवाज माझ्यापेक्षा खणखणीत. म्हणाली, "ब्राह्मणाच्या घरात मासळी? उद्या ओटीवर कोंबडी बसवशील." मी म्हटले, खायची नाही, बघायची आहे. त्यावर, "बघायची तर बाजारात जा. फुकट दाखवतात." शेवटी तडजोड झाली. टाकी पडवीत, तिच्या पाण्याच्या वाटेपासून सहा हात लांब. अंतर तिने स्वतः चालून मोजले.

पडवीच्या त्याच टोकाला अंबिकेच्या खोलीची खिडकी येते. हा योगायोग.

वही प्रामाणिक असावी म्हणून घडलेले एकदाच कोरडे लिहून टाकतो. पुन्हा लिहिणार नाही. अंबिका, आमची एकुलती एक, वय अठरा, पहिल्या बाळंतपणाला श्रावणात माहेरी आली. १४ ऑक्टोबरला मुलगा झाला. वरचा ओठ दुभंगलेला, टाळूसुद्धा. त्याला ओढून पिता येईना. कापसाच्या बोळ्याने दूध पाजले. एकोणीस दिवस. २ नोव्हेंबर.

डॉक्टर म्हणाले, ओठाच्या दोन बाजू गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत जुळतात. काही वेळा जुळत नाहीत. का, ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्याकडचे पुस्तक आणून मी तो परिच्छेद घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. कारण आत्याचे म्हणणे वेगळे आहे. २१ ऑगस्टला सूर्यग्रहण होते, पिठोरी अमावास्या, आणि अंबिकेने ते पाहिले. गर्भारशीने ग्रहण पाहू नये, अंधारात निजून राहावे, नाहीतर मुलाला खोट लागते, असा समज आहे. तेव्हा तिला आठवा महिना होता. तिसऱ्यात जुळायचे ते आठव्यात कसे उसवेल? आत्याला हे दोनदा विचारले. ती जपाची माळ ओढत राहिली.

व्याह्यांचेही तेच. ते दिघीच्या पलीकडे राहतात. पत्र आले की ग्रहणाची शांत करून घ्या, मग मुलीला न्यायला येऊ. मी उत्तर लिहिले: माझ्या मुलीत दोष नाही, शांत कसली करायची? पत्र पाठवण्याआधी अंबिकेला वाचून दाखवले. तिने ऐकले आणि मान हलवली. गेल्या महिन्यात तिने माझ्या कशालाही दिलेले हे एकच उत्तर.

ग्रहण तिने कसे पाहिले, हा तपशील शास्त्रीयदृष्ट्या गैरलागू.

३ डिसेंबर, रविवार

टाकी तयार! लोहाराकडून लोखंडी सांगाडा, काचा मुंबईहून भाताच्या पेंढ्यात बांधून बोटीने आल्या, लांबी तीन फूट. काचा बसवायचे लुकण मासिकातल्या कृतीबरहुकूम स्वतः मळले. हात तेलकट, मन प्रसन्न. आठ दिवस सुकायला ठेवा असे लिहिले आहे, पण ते थंड देशासाठी असणार. उद्या पाणी भरतो.

४ डिसेंबर

गळते.

५ डिसेंबर

तीन कोपरे गळतात. चौथा गळत नाही, म्हणजे पद्धत बरोबर आहे.

१० डिसेंबर, रविवार

आता चौथाही.

वाडीमागच्या खाडीत सदा कोळ्याची होडी लागते. त्याने कुंपणावरून पाहिले आणि विचारले, "मास्तर, ही टाकी हाय का चालनी?" मी लुकणाचे रसायन समजावून सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "त्या सगला खरा. पन होडीला आमी राल न् तेल लावतो, न् आमी अजून बुडलो नाय."

१७ डिसेंबर

सदाने राळ, तेल आणि कापूस कोंबून टाकी बंद केली. थेंब नाही. माझे लुकण खरवडून काढताना तो दोनदा हसला. (तीनदा.) जाताना बजावून गेला की टाकी कधी सुकी ठेवायची नाही, होडीसारखीच, सुकली की तिच्या फटी उघडतात.

त्याची बायको सोनूबाई पाटी घेऊन बाजारातून परत चालली होती. तिला डिस्कसचे चित्र दाखवले. ती म्हणाली, "ह्या त पापलेट. रंग कोनी लावलान?" सदा म्हणाला, पापलेट नाही, काळुंदर. खाडीत खडकाजवळ राहते, चपटी, गोलसर, अंगावर ठिपके. दोघांचे भर रस्त्यात भांडण जुंपले. ती म्हणाली, जन्मभर मासळी मी विकते का तू? तो म्हणाला, तू मेलेली विकतेस, मी जिती बघतो.

रात्री शाळेतून आणलेल्या ग्रंथात शोधले. काय आश्चर्य! काळुंदर आणि डिस्कस एकाच कुळातले. ॲमेझॉनचा चुलतभाऊ आमच्या वाडीमागे! ब्राझीलला पत्र लिहिण्याची गरज उरली नाही. (लिहिलेले नव्हतेच.) सौ.ला उठवून सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही तिच्याशी बोला हो. माशांचं राहू दे."

बोलण्यासारखे काही असते तर बोललो असतो.

२४ डिसेंबर, रविवार

दोन काळुंदरे आली. पाण्याची तयारी अत्यंत काटेकोर: विहिरीचे पाणी उकळून, निववून, तिहेरी फडक्यातून गाळून. इतके शुद्ध पाणी या माशांनी आयुष्यात पाहिले नसेल.

२५ डिसेंबर

दोन्ही मेली.

सदा म्हणाला, "खाडीची मासली ती. नुसत्या गोड्या पान्यान एकदम टाकली का तिचा जीव घाबरा व्हतो. त्यात तुमी पानी उकलून त्याचा जीव आधीच काढलेला." चूक मान्य. वहीत ठळक: पाणी खाडीचेच. जुने अर्धे ठेवून अर्धे बदलायचे. दर रविवारी. दुसरे कसलेही नाही. हा नियम मोडायचा नाही.

मेलेले मासे उचलताना खिडकीकडे पाहिले. अंबिका गजांना धरून उभी होती. ती केव्हापासून पाहत होती कोण जाणे.

७ जानेवारी १९३४, रविवार

आज सदाने हंडीतून एक जोडी आणली आणि त्यांच्याभोवती पिल्लांचा ढग. खडकाच्या कपारीतून सगळे एकदम उचलले म्हणे. पिल्ले जिऱ्याएवढी. नर-मादी दोन्ही बाजूंनी राखण करतात, कोणी भरकटले तर तोंडात धरून परत आणून सोडतात. पाणी खाडीचे, चार घागरी. सगळे जिवंत.

अंबिका खोलीतून बाहेर आली. पाट घेऊन टाकीसमोर बसली. जेवायला हाक मारल्यावरही उठली नाही, तेव्हा आत्या ओरडेल असे वाटले. आत्याने ताट तिथेच आणून ठेवले, सहा हातांच्या आत.

शाळेतल्या मुलांना टाकी दाखवायला आणायची होती. पुढे बघू. एवढ्या गोंगाटाने मासे बिचकतील.

१४ जानेवारी, संक्रांत

दुपारी तिळगूळ वाटून झाल्यावर वहीत आकृती काढत होतो. अंबिका पडवीतून म्हणाली, "दादा, इकडे या."

दहा आठवड्यांत तिने मला मारलेली पहिली हाक. गेलो. (धावलो.) ती काचेला नाक लावून बसली होती. पिल्ले आईच्या अंगाला दोन्ही बाजूंनी चिकटली होती, टोचत होती, सुटत होती, पुन्हा चिकटत होती. आई हलत नव्हती. मग पिल्ले बापाकडे वळली, तर त्याच्याही अंगावर तेच.

अंबिका म्हणाली, "पीत आहेत."

मी म्हटले, माशांना दूध नसते. ती म्हणाली, "मग काय करतायत?" भिंग आणून पाहिले. अंगावरचा बुळबुळीत थर ती खातात, असे दिसते. शास्त्रात याची नोंद कुठे आहे की नाही ठाऊक नाही. मी तरी वाचलेली नाही. हा शोध असू शकतो. मुंबईच्या निसर्गशास्त्राच्या सोसायटीला इंग्रजीत निबंध पाठवणार.

तासाभराने पाहिले तर ती तशीच बसलेली. पदराचा बोळा करून मुठीत धरला होता.

१६ जानेवारी

सोनूबाईला शोध सांगितला. ती म्हणाली, "आयबापाचा आंग चाटतान पोरां. त्यात काय मोठा? तुमच्या बुकात नव्हता?" निबंधात "स्थानिक कोळ्यांनाही याची अंधुक कल्पना आहे" असे वाक्य घालणार.

१९ जानेवारी

आत्या माघी गणपतीसाठी पालीला गेली. बिहारच्या भूकंपाच्या बातम्या रोज येत आहेत. जाताना म्हणाली, धरणीला कंप, पौर्णिमेला ग्रहण, एकाच महिन्यात. मी पृथ्वीच्या कवचाबद्दल सांगू लागलो, तोवर गाडी सुटली.

२१ जानेवारी, रविवार

अंबिकेने स्वतः पाणी बदलले. सदाने घागरी आणल्या, तिने लोट्याने जुने काढले, नवे सावकाश काठावरून सोडले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. सदा तिला म्हणाला, "पोरी, तू आमच्याकडं जन्माला याची ती हिकडं कशी?" ती हसली. आवाज झाला नाही, पण हसलीच; सौ.नेही पाहिले.

केस विंचरते आहे. पिल्ले मोजते. आज त्रेसष्ट. माझ्या पद्धतीचे हे यश आहे असे म्हणायला हरकत नाही. मनाला बाहेर काही बघायला दिले की ते आपोआप बरे होते. तिच्याशी त्या विषयावर बोलायची गरज पडली नाही, हे विशेष. सौ.ला हे पटले नाही.

जावई मार्तंडरावांचे स्वतःचे पत्र, प्रथमच. लिहितात: आईचा आग्रह शांतीचा आहे. मला त्याचे काही नाही, पण आईपुढे बोलवत नाही. अंबिका कशी आहे? अंबिकेने पत्र वाचून चौकटीवर ठेवले आणि मला विचारले, "दादा, तुमचं म्हणणं तेच आहे ना अजून? दोष नाही म्हणून?"

मी म्हटले, अर्थात. पुस्तक पुन्हा काढून दाखवू का?

ती म्हणाली, "पुस्तक नको. तुम्ही म्हणालात, झालं."

२८ जानेवारी, रविवार

पाणी बदलले. पिल्ले साठ. तीन कुठे गेली कळत नाही. अंबिका म्हणते मोजण्यात चूक असेल, उद्या परत मोजू. पिल्ले आता मुगाएवढी, पाठीवर बारीक रेघा उमटू लागल्या आहेत. निबंधाची चार पाने झाली.

मंगळवारी रात्री चंद्रग्रहण. पंचांगानुसार अगदी नखाएवढे.

३० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी

आत्या पालीहून परतली आहे. सकाळपासून घरभर तुळशीची पाने: हंड्यात पान, घागरीत पान, लोणच्याच्या बरणीवर पान. सगळे हास्यास्पद. पण वाद घातला नाही. घरात शांतता राखणे हेही शास्त्रीय वृत्तीचेच लक्षण.

अंबिकेने विचारले, "दादा, ग्रहण किती वाजता?" साडेनऊपुढे, म्हटले. "बघायचं का? अंगणातून?" म्हटले, फार लहान आहे, बघण्यासारखे काही नाही. ती म्हणाली, "लहान असलं तरी." मी म्हटले, थंडी आहे, आत नीज; खिडकी लावून घे.

ती "बरं" म्हणाली.

थंडी होती. हे खरे आहे. अलिबागेत असते तितकी.

रात्री साडेअकरा

टाकीचे पाणी बदलले. सगळे. कारणे नोंदवून ठेवतो: एक, पाण्याला किंचित गढूळपणा वाटला. दोन, उद्या शाळेत इन्स्पेक्टर येणार, मग आठवडाभर सवड नाही. तीन, अर्धे जुने पाणी ठेवण्याची पद्धत मुळातच आरोग्यशास्त्राला धरून नाही. ग्रहणाशी संबंध नाही. ग्रहण सुटल्यावर वेळ मोकळा होता, एवढेच.

या वेळी खाडीचे पाणी मिळणे शक्य नव्हते. विहिरीचे घेतले. पण मीठ घातले! स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलून, समुद्राच्या निम्मा खारटपणा धरून. जिभेवर घेऊन खात्री केली. मासे बादलीत काढून काचा चिंच-राखेने घासल्या, भांडी घासतात तशा. कंदिलाच्या उजेडात पाणी असे स्वच्छ दिसले की बोलायची सोय नाही.

अंबिकेची खिडकी बंद होती. निदान तसे वाटले.

आता काळजीचे काही कारण नाही.

३१ जानेवारी, सकाळी

पिल्ले तळाशी. सगळी. आई-बाप जिवंत आहेत, त्यांच्यावर फिरत आहेत. एकेकाला तोंडात उचलतात, थोडे वर नेऊन सोडतात. ते खाली जाते. पुन्हा उचलतात.

शाळेत गेलो नाही. इन्स्पेक्टरला पोटदुखीचे कळवले.

दुपारी

झाले ते लिहितो.

अंबिका माझ्या आधी उठली होती. मी पडवीत आलो तेव्हा ती पाटावर बसलेली. विचारले, "पाणी कोणी बदललं?" मी म्हटले, बदलायचे होतेच. ती म्हणाली, "रविवारी बदललं ना आपण." मी गढूळपणाचे सांगितले. इन्स्पेक्टरचे सांगितले. ती ऐकत होती, सदाने माझे लुकणाचे रसायन ऐकले होते तशी.

तेवढ्यात आत्या न्हाणीच्या मोरीशी थबकली. खाली वाकून तिने एक तुळशीचे पान उचलले. "अरे मेल्या, सगळं पाणी ओतलंस? मी पान टाकलं होतं ना त्यात. काल दुपारीच. पान टाकलं की पाणी विटाळत नाही. एवढंही ठाऊक नाही का तुला?"

मला ठाऊक नव्हते. या गोष्टी मी कधी शिकलो नाही. आणि ती टाकीत पान टाकेल, माशांच्या, पोरीच्या माशांच्या, असे मला कसे सुचणार?

अंबिकेने आत्याच्या हातातल्या पानाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही तसंच वाटत होतं."

मी म्हटले, काय तसं? तिला माहीत होते की मला कळले आहे.

२ फेब्रुवारी

नर मेला. मादी कोपऱ्यात.

निबंध शाळेच्या कपाटात ठेवला. पिल्ले दगावण्याच्या कारणांचे एक प्रकरण जोडावे लागेल. खारटपणाचा अचानक बदल, तापमान, चिंचेचा अंश. कारणे तीन तरी सापडतात.

४ फेब्रुवारी, रविवार

सदा घागरी घेऊन आला. टाकी पाहून खाली ठेवल्या. तो काही बोलला असता तर बरे झाले असते. अंबिकेने मादी हंडीत घेतली आणि त्याच्याबरोबर खाडीवर गेली. मी वाडीच्या कुंपणापर्यंत गेलो.

परत आल्यावर सदाने मला एवढेच सांगितले, "सोडली. पन ती जाईना. होडीखालीच घुटमलत व्हती."

६ फेब्रुवारी

अंबिका म्हणाली, मार्तंडरावांना लिहा, न्यायला या म्हणून. शांत करून घ्यायला मी तयार आहे.

मी म्हटले, कशासाठी? तुझ्यात दोष नाही. पुस्तकात...

ती म्हणाली, "दादा, तिथे मला तोंडावर म्हणतात. त्याची मला सवय होईल." मग अगदी हळू, माझी समजूत काढावी तशी, "तुमचा राग नाही आला मला. तुम्ही जपत होतात त्यांना. कळतं मला. पण तुम्ही म्हणत होतात ना, त्यावर मी उभी होते."

सौ. दारात होती. पत्र मीच लिहिले. अक्षर चांगले आले.

९ फेब्रुवारी

मार्तंडराव काल आले. शांत, भिडस्त माणूस. पडवीतल्या टाकीपाशी थांबून त्यांनी विचारले, यात काय ठेवणार आहात? मी काही म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "लोणच्याच्या बरण्या." मी दुरुस्त केले नाही.

आज सकाळच्या आगबोटीने दोघे दिघीला गेले. धक्क्यापर्यंत पोचवले. वाक्य रात्रीच तयार केले होते, चार शब्दांचे. मचव्यात बसताना तिने मागे पाहिले, तेव्हा मी म्हटले, डबा नीट धर, तूप सांडेल.

ती म्हणाली, "हो दादा."

आत्याने तिच्या पदराच्या टोकाला तुळशीचे पान बांधून दिले होते. अंबिकेने ते सोडले नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

आज टाचणी काढली. मुडपलेले पान वाचले.

"२१ ऑगस्ट. ढगांतून सूर्य मधूनमधून दिसला, पण ग्रहण उत्तम दिसले. कंदिलाच्या काजळीवर धरून काच काळी केली होती. अंबिका यायला तयार नव्हती, आत्याने दार लावून घेतले होते. मी हाताला धरून बाहेर आणले. ती भीत होती. म्हटले, मी आहे ना. काच मीच धरली. तिने तीन मिनिटे पाहिले आणि म्हणाली, दादा, चंद्र सूर्याला खात नाही, नुसता पुढून जातो. मला फार अभिमान वाटला. एका पिढीत केवढा फरक!"

त्यानंतर मी लिहिलेले सगळे आज परत वाचले. ३० जानेवारीची कारणे तीन आहेत. चौथे लिहिले नव्हते. मी भ्यालो होतो. ऑगस्टपासून भीतच होतो. मोठ्याने वाचत होतो, एवढेच. धक्क्यावर म्हणायचे चार शब्द हे होते: चूक माझी होती, अंबिके. पण कोणती चूक, ते तिने विचारले असते तर? काच धरली ती, की पाणी ओतले ते? काच धरली ती चूक नव्हती. हे मला आता पक्के ठाऊक आहे, आणि आता माझे म्हणणे तिच्या काही उपयोगाचे नाही.

पत्र लिहायला बसलो. "चि. सौ. अंबिकेस अनेक आशीर्वाद" इथपर्यंत झाले. तिच्या सासूबाई पत्र आधी वाचतात.

दुपारी आत्या खरेच बरण्या घेऊन आली. टाकी रिकामी, कोरडी. एका कोपऱ्यातली राळ तडकू लागली आहे; बोट लावले तर फट लागते. आत्याला म्हटले, बरण्या नकोत. ती बरण्या उचलून परत आत गेली.

उद्या: सदाला सांगून खाडीचे पाणी आणणे, चार घागरी.